तालुक्यातला दुसरा संघ : कोणाला संधी, कोणाला मानांकन?



पावसाळी शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस आले की आपल्या जुन्नर-आंबेगाव भागातल्या शाळांत एक वाद हमखास ऐकू येतो. "आमची पोरं चांगली होती हो, पण पहिलाच सामना त्यांच्याशी पडला." किंवा, "आमच्या तालुक्यातला हरलेला संघसुद्धा शेजारच्या तालुक्याच्या विजेत्याला लोळवेल, पण जिल्ह्याला गेला तो." पालक बोलतात, पी.टी.चे सर बोलतात, आणि मुलं तर घरी जाईपर्यंत तेच बोलत असतात.

हा वाद आपण बहुतेक वेळा "नशीब" म्हणून सोडून देतो. पण थोडं थांबून बघितलं तर यात गणित आहे, नागरिकशास्त्र आहे आणि भाषेच्या तासाला लागणारा युक्तिवादही आहे. म्हणून आजचा पाठ यावरच. शेवटी वर्गात करून बघता येईल असा एक उपक्रम दिला आहे. इयत्ता सातवी ते दहावीला तो सहज जमतो.

आधी प्रश्न नीट मांडू

कुठल्याही स्पर्धेत दोन निर्णय वेगवेगळे असतात. मुलांना आधी हा फरक समजावून द्या.

पहिला निर्णय प्रवेशाचा : स्पर्धेत कोण येणार?
दुसरा निर्णय मानांकनाचा : आलेल्यांपैकी कोण कोणासमोर, कोणत्या फेरीत उभा राहणार?

आपल्या शालेय स्पर्धांत पहिला निर्णय बऱ्यापैकी सरळ आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी असते आणि १४, १७, १९ वर्षांखालील असे वयोगट असतात. सांघिक खेळात साधारणपणे खालच्या पायरीवरचा विजेता वरच्या पायरीवर जातो. यात कोणी कोणाला निवडत नाही, मैदानच निवडतं. वशिल्याला जागा कमी राहते, हा या पद्धतीचा मोठा गुण.

पण दोष कुठे आहे बघा. समजा जुन्नर तालुक्यात कबड्डीचे दोन संघ तोडीस तोड आहेत. अंतिम सामन्यात एक संघ एका गुणाने हरला. आता हा दुसरा संघ घरी, आणि दुसऱ्या एखाद्या तालुक्यात फारशी चुरस नसताना जिंकलेला संघ जिल्ह्याला. "जिल्ह्यातले सर्वोत्तम संघ" आणि "प्रत्येक तालुक्याचा सर्वोत्तम संघ" या दोन याद्या सारख्या नसतात. आपण कोणती यादी बनवतोय हे आधी ठरवायला हवं.

आणि यात पणाला लागलेलं काय असतं? दहावी-बारावीच्या खेळाच्या सवलतीच्या गुणांसाठी खेळाडू कोणत्या पातळीपर्यंत खेळला हे बघितलं जातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पश्चिम पट्ट्यातल्या, आपटाळे-मढच्या पुढच्या वाड्यावस्त्यांवरच्या किंवा भीमाशंकरच्या डोंगरातल्या मुलामुलींसाठी जिल्ह्याचं मैदान हे कित्येकदा गावाबाहेरचं पहिलं मोठं मैदान असतं. उसाच्या पट्ट्यात बिबट्यामुळे अंधार पडायच्या आत सराव आवरून पोरांना घरी पोचवावं लागतं. एवढं करून तयार झालेला संघ एका चिठ्ठीमुळे पाऊण तासात बाहेर पडतो, तेव्हा "खेळ आहे, चालायचंच" म्हणून त्याची समजूत निघत नाही.

हाच वाद सातासमुद्रापार

अमेरिकेत दर मार्च महिन्यात कॉलेजच्या बास्केटबॉल संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. तिथे हा वाद इतका रंगतो की संघ जाहीर होण्याचा रविवार हाच एक सोहळा असतो. १९३९ मध्ये ही स्पर्धा फक्त ८ संघांची होती. १९८५ मध्ये ती ६४ संघांची झाली आणि २०११ मध्ये ६८ संघांची.

आपल्याला उपयोगी पडणारी गोष्ट १९७४ ची आहे. तेव्हा नियम आपल्यासारखाच होता : एका गटातून, म्हणजे त्यांच्या भाषेत एका 'कॉन्फरन्स'मधून, एकच संघ. अटलांटिक कोस्ट गटाच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिना स्टेट आणि मेरीलँड हे संघ भिडले. नॉर्थ कॅरोलिना स्टेट देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि मेरीलँड चौथ्या. सामना जादा वेळेत गेला आणि मेरीलँड १०३-१०० असा हरला. देशातला चौथ्या क्रमांकाचा संघ स्पर्धेबाहेर! जिंकलेल्या संघाने पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. म्हणजे मेरीलँड हरला तो त्या वर्षीच्या विजेत्याकडून, तोही जादा वेळेत तीन गुणांनी.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका गटातून एकापेक्षा जास्त संघांना यायची मुभा मिळाली. तिथे आजही दोन दरवाजे आहेत. २०२५ च्या स्पर्धेत ३१ गटांच्या विजेत्यांना थेट प्रवेश होता आणि उरलेल्या ३७ जागा निवड समितीने भरल्या. लहान गटाच्या विजेत्याचा हक्क शाबूत राहतो, आणि मोठ्या गटातल्या तगड्या दुसऱ्या-तिसऱ्या संघालाही जागा मिळते.

मुलांना इथे एक प्रश्न विचारा : "समितीच्या हाती जागा दिल्या, तर नवा धोका कोणता?" उत्तर मुलंच देतात : "ओळखीच्या संघाला घेतील!" बरोबर. म्हणून तिथे एक साधा नियम आहे. समितीतल्या सदस्याच्या स्वतःच्या संस्थेची चर्चा सुरू झाली की त्याने खोलीबाहेर जायचं. आपल्याकडे तालुक्याची सोडत काढताना एवढा एक नियम पाळला तरी अर्धी कुजबुज थांबेल. ज्यांचा संघ स्पर्धेत आहे त्यांनी चिठ्ठी उचलायची नाही. चिठ्ठी उचलायला प्राथमिक शाळेतलं एखादं लेकरू बोलवावं, आणि सगळ्या शाळांच्या सरांसमोर ती उघडावी.

जिंकले किती यापेक्षा जिंकले कोणाशी

समिती संघांची तुलना कशी करते? नुसते विजय मोजून भागत नाही. कमकुवत संघांशी खेळून दहापैकी नऊ सामने जिंकणं सोपं आहे. म्हणून समोरचा संघ किती तगडा होता आणि सामना कुठे झाला हे दोन्ही बघतात. २०१८ पासून तिथे 'नेट' नावाची क्रमवारी वापरतात. विजयांची प्रतवारी करताना ठिकाणानुसार फरक केला जातो. घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधल्या संघाला हरवलं तर तो अव्वल दर्जाचा विजय. त्रयस्थ मैदानावर पहिल्या ५० मधल्या संघाला हरवलं तरी तो तितक्याच दर्जाचा. आणि समोरच्याच्या मैदानावर जाऊन पहिल्या ७५ मधल्याला हरवलं तरीही तितक्याच दर्जाचा.

घरच्या मैदानाचा फायदा काय असतो हे आपल्या मुलांना वेगळं सांगायला नको. ओळखीची माती, ओळखीचा आवाज, आणि सकाळी एसटीत दोन तास उभं राहून यावं न लागणं.

गुणांचा फरक मोजावा का, हा पुढचा चांगला वादाचा मुद्दा. एका गुणाने जिंकणं आणि पंचवीस गुणांनी जिंकणं सारखं नाही हे खरं. पण फरकालाच भाव दिला तर दुबळ्या संघावर शेवटच्या मिनिटापर्यंत लोण चढवत राहायचा मोह होतो. राखीव पोरांना मैदानात उतरवायची संधीही जाते. मोजमाप जसं ठेवाल तसं खेळणं बदलतं, हे मुलांना इथे सहज कळतं.

घड्याळ आणि चिठ्ठी

आपल्याच भागातलं एक उदाहरण द्या. आपल्याकडच्या घाटातल्या बैलगाडा शर्यतीत एका वेळी एकच बारी सुटते आणि सेकंद मोजले जातात. कोणाची बारी कोणाच्या आधी, हे काही प्रमाणात महत्त्वाचं असेल. पण "माझी गाठ पहिल्यांदाच सगळ्यात वेगवान गाड्याशी पडली, म्हणून मी बाहेर" असं कोणी म्हणू शकत नाही. प्रत्येकाची लढत घड्याळाशी.

कबड्डी, खो-खो, कुस्तीत तसं नाही. तिथे समोरासमोर लढावं लागतं, आणि समोर कोण येतो यावर पुष्कळ अवलंबून असतं. महाराष्ट्र केसरीचंच बघा. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात किताबाची लढत होते. समजा एखाद्या वर्षी दोन सगळ्यात तगडे मल्ल मातीतच असले, तर त्यातल्या एकाला किताबाची लढत लाभणारच नाही. म्हणून समोरासमोरच्या खेळांत भाग्यपत्रिका कशी बनवली याला एवढं महत्त्व.

भाग्यपत्रिकेचं गणित

आता फळ्याकडे वळू.

बाद पद्धतीत संघ जितके, त्यापेक्षा एक कमी सामने. कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर पडतो आणि शेवटी एकच उरायचा असतो. ८ संघ असतील तर ७ सामने. मुलांना सूत्र आधी देऊ नका, कारण विचारा.

पुणे शहर सोडलं तर आपल्या जिल्ह्यात १३ तालुके आहेत. प्रत्येकाचा एक संघ धरला तर १३ संघ, १२ सामने. पण १३ च्या जोड्या नीट लागत नाहीत. पुढची दोनच्या घातातली संख्या १६. १६ वजा १३ म्हणजे ३ संघांना 'बाय', म्हणजे पहिली फेरी न खेळता पुढे. वरच्या अर्ध्यात ७ संघ, खालच्या अर्ध्यात ६. पहिला बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या जागेला, दुसरा वरच्या अर्ध्यातल्या पहिल्या जागेला, तिसरा खालच्या अर्ध्यातल्या पहिल्या जागेला. पहिल्या फेरीत ५ सामने, नंतर ८ संघ उरतात आणि ४, २, १ असे सामने होतात. ५+४+२+१ = १२. ताळा जुळला!

आता मानांकन. पहिलं मानांकन वरच्या टोकाला, दुसरं खालच्या टोकाला, तिसरं-चौथं मधल्या दोन जागांवर. म्हणजे पहिले दोन संघ अंतिम सामन्याआधी भेटूच शकत नाहीत. लक्षात घ्या, बायच्या जागा आणि मानांकनाच्या जागा एकच आहेत. मानांकन दिलं तर बाय कमावलेला असतो. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर तो लागलेला असतो.

मानांकन नसेल तर काय होतं? ८ संघ, सगळ्या चिठ्ठ्या. सगळ्यात तगडा संघ एका जागी बसला की उरल्या ७ जागा. दुसरा तगडा संघ नेमका त्याच्यासमोर पहिल्याच फेरीत येण्याची शक्यता सातात एक. आणि त्याच्याच अर्ध्यात येण्याची शक्यता सातात तीन, म्हणजे शंभरात जवळजवळ ४३. सोप्या भाषेत सांगायचं तर, नुसत्या चिठ्ठ्यांवर काढलेल्या दर सात स्पर्धांपैकी सरासरी तीन स्पर्धांत दोन सर्वोत्तम संघांची अंतिम लढत होऊच शकत नाही. त्यात कोणाची लबाडी नसते, पण उपविजेत्याचं प्रमाणपत्र भलत्यालाच जातं.

मग साखळी पद्धत का नाही?

पालक हा प्रश्न हमखास विचारतात. ८ संघांची पूर्ण साखळी म्हणजे २८ सामने. मैदानं, पंच, पाऊस, एसटीची वेळ, सगळं बघता एका दिवसात ते अशक्य. पण मधला मार्ग आहे : चार-चार संघांचे दोन गट. प्रत्येक गटात ६, म्हणजे १२ सामने. मग दोन उपांत्य आणि एक अंतिम. एकूण १५. दोन दिवसांत बसतात. बाद पद्धतीत ८ पैकी ४ संघ एकच सामना खेळून घरी जातात. इथे प्रत्येक संघ किमान ३ सामने खेळतो. दुरून आलेल्या पोरांसाठी हा फरक फार मोठा आहे. दोन मैदानं आणि दोन दिवस मिळणार असतील, तर तालुका पातळीवर हाच विचार आधी व्हावा असं मला वाटतं.

मात्र साखळीतही फट असते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत गटसामने आणले गेले. बाद फेरीत सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून काही जोड्या गटातला शेवटचा सामना मुद्दाम हरायला बघू लागल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि चार जोड्या स्पर्धेतून बाद झाल्या. नियम बनवताना "हरण्यात कोणाचा फायदा तर नाही ना?" हा प्रश्न विचारायलाच हवा.

मानांकन म्हणजे भविष्य नव्हे

अमेरिकेच्या त्या स्पर्धेत चार विभाग असतात आणि प्रत्येकात १ ते १६ मानांकन असतं. पुरुषांच्या स्पर्धेत १६ व्या मानांकनाने पहिल्या मानांकनाला हरवल्याचं २०१८ पर्यंत कधीच घडलं नव्हतं. त्या वर्षी मेरीलँड-बाल्टिमोर काउंटी या संघाने व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ असं हरवून ते पुन्हा करून दाखवलं. आणि व्हर्जिनियाचं काय झालं? पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तो राष्ट्रीय विजेता झाला.

ही गोष्ट दोन्ही प्रकारच्या मुलांना सांगा. ज्यांना शेवटचं मानांकन मिळालंय त्यांना, आणि ज्यांना पहिलं मिळालंय त्यांनाही.

वर्गातला उपक्रम : निवड समिती

वेळ : दोन तासिका. वर्गाचे पाच-सहा जणांचे गट करा. प्रत्येक गट म्हणजे एक समिती. संघांना आपल्या तालुक्यातल्या किल्ल्यांची नावं दिली आहेत. संघ काल्पनिक आहेत. सहा संघांतून चार निवडायचे. जीवधन आणि नारायणगड आपापल्या केंद्राचे विजेते, त्यांना थेट प्रवेश. उरलेल्या दोन जागांसाठी चार दावेदार :

• शिवनेरी : ८ पैकी ६ विजय. दोन्ही पराभव नारायणगडकडून, एक १ गुणाने, दुसरा ३ गुणांनी.
• चावंड : ८ पैकी ७ विजय, पण त्यातले ६ घरच्या मैदानावर. एकमेव पराभव जीवधनकडून.
• हडसर : ६ पैकी ३ विजय. त्यातला एक जीवधनवर, तोही जीवधनच्या मैदानावर.
• सिंदोळा : ४ पैकी २ विजय. पहिले दोन सामने हरले तेव्हा मुख्य चढाईपटू आजारी होती. ती परतल्यावर दोन्ही जिंकले.

नारायणगड ६ पैकी ६ जिंकला आहे, जीवधन ५ पैकी ३.

पायऱ्या अशा :

१. माहिती देण्याआधी प्रत्येक समितीने निकष लिहून काढायचे आणि त्यांचा क्रम लावायचा. एकूण विजय? प्रतिस्पर्ध्याचा दर्जा? बाहेरच्या मैदानावरची कामगिरी? अलीकडचा फॉर्म? कागद शिक्षकांकडे जमा.

२. मग वरची माहिती द्या, पण किल्ल्यांच्या नावांऐवजी क, ख, ग, घ लिहून. आपल्या गावाजवळच्या किल्ल्याकडे मन ओढतं, ते टाळायला.

३. दोन संघ निवडा. प्रत्येक निवडीचं कारण एका वाक्यात लिहा. वगळलेल्या दोन संघांनाही कारण लिहून द्या. ते पत्र वाचून समोरच्या कर्णधाराला निदान "विचार झाला" एवढं तरी वाटलं पाहिजे. भाषेच्या तासाचं खरं काम इथे होतं.

४. चारही संघांना १ ते ४ मानांकन द्या. पहिला विरुद्ध चौथा, दुसरा विरुद्ध तिसरा. मग प्रश्न : शिवनेरी आणि नारायणगड एकाच केंद्राचे, आधीच दोनदा खेळलेले. त्यांची पहिल्याच फेरीत पुन्हा गाठ पडत असेल तर मानांकन बदलावं का?

५. शेवटी सगळ्या समित्यांचे निकाल फळ्यावर मांडा आणि आधी जमा केलेले निकष काढून ताडून बघा. निकष एक लिहिला आणि निवड दुसऱ्याच कारणाने केली, असं कुठे झालं का? मुलं स्वतःच शोधतात.

इथे एकच बरोबर उत्तर नाही. एकूण विजयांना वर ठेवणारा गट चावंड घेईल, प्रतिस्पर्ध्याचा दर्जा बघणारा हडसर घेईल. सिंदोळाचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तिथे "काय केलं" आणि "आज काय करू शकतील" यातून एक निवडावं लागतं. मूल्यमापन करताना निकालाला गुण देऊ नका. निकष आणि निवड यांचा मेळ बसतो का, याला द्या.

पालकांसाठी दोन शब्द

घरी आलेलं मूल "आमच्यावर अन्याय झाला" म्हणालं, तर लगेच "हो ना, सगळे मिळालेले असतात" म्हणू नका, आणि "रडतोस काय" असंही नको. त्याला विचारा : "नियम काय होता? तो आधी सांगितला होता का? सगळ्यांना सारखा लावला का?" तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर अन्याय नाही झाला, पराभव झाला. एखादं उत्तर 'नाही' असेल तर पुढच्या वर्षीच्या सभेत मांडायचा मुद्दा मिळाला. तो लेखी मांडा, स्पर्धेच्या आधी मांडा. सोडत झाल्यावर मैदानावर घातलेल्या वादातून पोरं फक्त आरडाओरडा शिकतात.

आणि क्रीडाशिक्षक बंधू-भगिनींनो, तालुक्याच्या सभेत एवढं तरी सुचवून बघा : मागच्या वर्षीच्या उपांत्य फेरीतल्या चार संघांना मानांकन, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या सर्वांसमक्ष, आणि जमेल तिथे दोन गटांची साखळी. मागच्या वर्षीचा संघ यंदा राहिलेला नसतो, मुलं वयोगटातून बाहेर पडतात, ही अडचण खरी आहे. मग निदान केंद्रपातळीवरचे निकाल एका वहीत नोंदवून ठेवले तर पुढच्या वेळी आधाराला काहीतरी असेल. शंभर पानी वही पुरते.

उपक्रम वर्गात करून बघा. तुमच्या मुलांनी कोणते दोन संघ निवडले आणि का, ते जरूर कळवा. विशेषतः सिंदोळाला कोणी घेतलं का, हे ऐकायला आवडेल.